दोन सेकंदांत उभा राहणारा तंबू

"फेकून उघडायचा तंबू घेऊ नकोस," नणंदेनं फोनवर बजावलं होतं. "उघडायला दोन सेकंद लागतात. मिटायला दोन माणसं लागतात, आणि बाजूला बसून रडायला तिसरं."

"हो ताई, बघते," ती म्हणाली, आणि 'बघते'चा सासरच्या फोनवर जो अर्थ असतो तोच तिच्या मनात होता. ताईंना कुठल्याही वस्तूत खोट काढायची सवय. हिनं मिक्सर घेतला तर तो फार ओरडतो, पडदे घेतले तर त्यांतून सगळं दिसतं, लेकीला शाळेत घातलं तर शाळेचा जिना उंच. तंबूचा सल्लाही तिनं त्याच रांगेत नेऊन बसवला आणि फोन ठेवून दिला.

तिच्या डोक्याला घोर होता तो वेगळाच.

नवरा एका शाळेत खेळांचा मास्तर. घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणत. रागावली की तीही. शाळेनं यंदा शिक्षकांचं कुटुंबासकट शिबिर ठरवलं होतं. तळ्याकाठी दोन रात्रींचा मुक्काम, ज्याचा त्याचा तंबू ज्याने त्याने आणायचा. मास्तरनं रस्सीखेचीची जबाबदारी कुणी विचारायच्या आत अंगावर घेतली. पाच वर्षांची लेक टिकली त्याच संध्याकाळी सामान भरायला बसली आणि तिनं घरातल्या सगळ्यांचे फक्त डाव्या पायाचे बूट भरले. राहता राहिले अप्पा, तिचे सासरे. ते म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी घर बघतो."

घर तिसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्यांचं. ते कुठे पळून जाणार नव्हतं. बघायची वेळ आली होती ती अप्पांवरच. गेल्या महिन्यात त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि शिवणाच्या मशीनवर जाऊन बसले. पातेलं कोळसा झालं. वर ते त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मशीनमागे लपवलं, आणि दोन दिवस घरभर वास कसला येतोय म्हणून तिच्याबरोबर स्वतःही शोधत फिरले. अशा माणसाला दोन रात्री एकटं टाकून तळ्याकाठी तिला झोप लागली असती का? तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं: अप्पा आले तर जायचं, नाहीतर मास्तरनं रस्सी घरीच खेचायची.

काळजी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नोकरीही तशीच मिळालेली. शहरातल्या लिफ्टांच्या तपासणीचे अहवाल तिच्या टेबलावर यायचे आणि अजून न झालेल्या अपघातांची ती दिवसभर यादी करायची. तिच्या पर्समध्ये जखमेवरची पट्टी असे, आणि ती हरवली तर म्हणून दुसरी पट्टी. एवढी डोळ्यांत तेल घालून जगणारी बाई, पण अप्पांचं काय बिनसलंय ते काही तिला उमगेना. विचारलं की ते कारणं द्यायचे. सोमवारी तळ्यावर गारठा असतो. मंगळवारी शेजारणीचे पडदे शिवायचे राहिलेत. बुधवारी नुसतंच, "माझं काय काम तिथे?" इतकी कारणं असलेल्या माणसाचं खरं कारण निराळंच असतं, एवढं तिला कळत होतं.

शेवटी तिनं आपल्यापुरता छडा लावला. चाळीस वर्षं गणवेश शिवण्यात घालवलेला माणूस, पाठ वाकून गेलेली. त्याला आता खुंट्या ठोका, काठ्या जोडा, दोऱ्या ताणा, हे नको वाटत असणार. म्हणजे तंबू झटपट उभा राहणारा हवा. ज्यात अप्पांना बोटही हलवायला लागणार नाही असा.

तंबू केवढा हवा याचं माप मात्र अप्पांनीच घेतलं. तिघांना हॉलमध्ये ओळीनं उभं करून खांद्यापासून खांद्यापर्यंत टेप लावला.

"झोपलेला माणूस उभ्यापेक्षा चार इंच जास्त पसरतो," ते म्हणाले. "मास्तर सहा. शिवाय थोडी माया धरायची, म्हणजे कूस बदलता येते. तीन माणसांचा पुरेल."

"आणि तुमचं माप?"

"माझं कशाला? मी घर बघतोय ना." त्यांनी टेप गळ्यात टाकला आणि मशीनवर जाऊन बसले.

तिनं कागदावर 'चार माणसं' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुकानात तंबू वरच्या मजल्यावर होते. उघडे, ओळीनं, एखादं गाव वसवल्यासारखे. विकणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी तिच्या हातातला प्रश्नांचा कागद पाहिला, तो मागूनही लिहिलेला आहे हे पाहिलं, आणि स्वतःसाठी एक स्टूल ओढून घेतलं.

"वारा आला तर?" तिनं सुरुवात केली.

"हलेल."

"जोराचा आला तर?"

"जोरात हलेल."

"आणि पाऊस?"

"तो बाहेर पडेल."

मास्तर हसला. तिनं वळून पाहिलं, तसा तो एका खुंटीकडे निरखून बघू लागला.

"आत हवा खेळती राहील ना? चार माणसं रात्रभर श्वास घेणार."

"घ्यावाच लागेल," बाई म्हणाल्या. "तुम्हाला तंबू हवाय की पाणबुडी?"

तरी बाईंनी सगळं नीट समजावलं. झटपट तंबू तीन तऱ्हेचे. एक हवेचा, काठ्यांऐवजी रबरी नळ्या, पंपानं फुगवायच्या. एक छत्रीसारखा; मध्ये दोरी ओढली की वरचा सांगाडा उघडतो, मग एकेक पाय लांब करायचा. आणि एक फेकायचा. थाळीसारखा गोल मिटलेला, पट्टा सोडून भिरकावला की हवेतच उघडतो.

"कमीत कमी कष्ट कशात?"

"कुणाचे कष्ट?" बाईंनी विचारलं.

"सासऱ्यांना काही करायला लागू नये, एवढंच."

"मग फेकायचा. याला दारंही दोन, पुढून एक, मागून एक. आठवड्यात परत आणलात तर बदलून देऊ, मात्र मळलेला नको. आणि मोकळ्या जागेत उघडा. मिटायचं कसं ते आधी तीन वेळा बघून घ्या."

तिला फोनवरचं बोलणं आठवलं. पण तोवर मास्तरनं तंबू थाळीफेकीच्या थाळीसारखा हातात धरून कमरेतून दोनदा वळूनही पाहिलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो लग्नाच्या फोटोतही नव्हता.

मोकळी जागा म्हणजे मैदान, आणि मैदान म्हणजे रविवार. शनिवारी दुपारी मास्तरचा धीर सुटला. अप्पा खिडकीजवळ मशीनपाशी आपल्या उंच लाकडी खुर्चीत बसून कुणाचीतरी पँट आखूड करत होते.

"अप्पा, फक्त बघा. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही," मास्तर म्हणाला. एका हातात तंबू, तोंडात शिट्टी, स्टॉपवॉच टिकलीकडे.

"अरे, हॉलमध्ये नको," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. ती दारापर्यंत पोचली तेवढ्यात शिट्टी वाजली.

एक पूर्णांक आठ सेकंद. टिकलीनं ते नंतर आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं. तंबू हवेत उघडला, पंख्याला घासला, शोकेसवरची दोन बक्षिसं घेऊन खाली आला आणि शोकेस ते भिंत असा घट्ट बसला. एवढा घट्ट, की जणू त्याच मापानं शिवून घेतलेला. अलीकडे मास्तर आणि ती, पलीकडे अप्पा, मध्ये निळं कापड. अप्पांची खुर्ची आडवी होऊन तंबूखाली अडकली होती, अलीकडच्या बाजूला.

"अप्पा, लागलं का?"

"मला काय होतंय," पलीकडून आवाज आला. "खाली वाकलो तो बसलोच. मस्त गार लागतंय फरशीवर. तुमचं चालू द्या."

टिकलीनं चेन उघडली आणि आत शिरून मांडी घातली. "हे माझं घर आहे," तिनं जाहीर केलं.

मास्तर मिटायला लागला. कागदावरच्या चित्रात एक हसतमुख माणूस तंबू दुमडून आठाचा आकडा करत होता. मास्तरनंही आठ केला. आठाचं शून्य झालं, शून्याचा पुन्हा तंबू. दुसऱ्या वेळी तंबूनं त्याच्या कानाखाली आवाज काढला. हट्टाला पेटून त्यानं ताईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"घेतलात ना फेकायचाच?" ताई म्हणाल्या. "मी सांगून सांगून थकले. बरं, उजवा हात वरच्या काठावर. धरलास?"

"धरला."

"डावा खाली. आता वरचा काठ आत दाब."

"दाबला."

"काय झालं?"

"डावा हात सापडत नाहीये."

ती मात्र हसत नव्हती. पुढच्या दाराला जाळी होती, मागच्यालाही. दोन्ही एका रेषेत आल्यामुळे चहाच्या गाळणीतून दिसावेत तसे पलीकडचे अप्पा तिला दिसत होते. आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीत असलेले अप्पा.

त्यांनी हात टेकून एका कुशीवर भार घेतला. गुडघ्यांवर आले. मशीनच्या पायाला धरलं, कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं. एक, दोन, तीन असं मोजल्यासारखे ओठ हलले. अंग वीतभर वर उचललं गेलं, तिथेच थरथरलं, आणि परत खाली बसलं. त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. दम खाल्ला. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा वीतभर. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही. पाय सरळ करून भिंतीला टेकले आणि मोठ्यानं म्हणाले, "सावकाश होऊ दे रे. मला इथे बरं वाटतंय."

तळ्याचा गारठा, शेजारणीचे पडदे, 'माझं काय काम', सगळी कारणं एकावर एक घडी बसावी तशी तिच्या डोक्यात बसली. सगळ्यात वर होता तिचाच शहाणपणा: ज्यात वाकून, रांगत शिरावं लागतं आणि रांगतच बाहेर यावं लागतं असा तंबू, खास अप्पांसाठी निवडून आणलेला.

ती गुडघ्यांवर बसली आणि पुढच्या दारातून आत शिरली.

"चपला काढ," टिकली म्हणाली.

"काढल्यात."

"कोण पाहिजे?"

"अप्पा."

"ते मागे राहतात."

मागची चेन उघडून ती पलीकडे उतरली आणि अप्पांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. पलीकडे ताई मास्तरला त्याच्या लहानपणाची उदाहरणं देत होत्या, त्यामुळे इकडचं तिकडे ऐकू जाणार नव्हतं.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"काय कधीपासून?"

"अप्पा."

त्यांनी दोऱ्याचा एक तुकडा बोटाला गुंडाळला, सोडवला. "झाले असतील सहा-सात महिने. एकदा खाली बसलो की गुडघे ऐकत नाहीत. तुम्ही घरी नव्हतात तेव्हा असंच एकदा बसलो होतो. सुई पडली म्हणून. मग काय, बसूनच राहिलो. दूध लावलं होतं गॅसवर."

तिनं पातेल्याचं नाव काढलं नाही.

"मला सांगायचं ना."

"सांगितलं तर तू यादी करशील," अप्पा म्हणाले. "डॉक्टर, तेल, पट्टे, कठडे. आणि हा शिट्टी वाजवून व्यायाम घेईल. आणि तिथे शिबिरात सगळ्या मास्तरांसमोर दोघं मला दोन बाजूंनी धरून तंबूतून ओढून काढणार. मला रात्री दोनदा उठावं लागतं. म्हणजे दोन वेळा वरात." ते तंबूकडे बघत राहिले. "चाळीस वर्षं मी लोकांची अंगं झाकली गं. कुठे पोट सुटलंय, कुठला खांदा पडलाय, सगळं कापडात घेतलं. माझंही एवढं झाकून राहू दे."

यादी तिच्या जिभेवर येऊन उभीच होती. तिनं ती गिळली. मग शिंप्याला विचारावं तसं विचारलं, "उठायला किती उंची लागते तुम्हाला?"

अप्पांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. पण प्रश्न धंद्यातला होता.

"सतरा इंच," ते म्हणाले. "अठरा असली तर बघणाऱ्याला कळतही नाही. घरातल्या सगळ्या बैठका मोजून झाल्यात माझ्या. माझी खुर्ची एकोणीस. पलंग अठरा. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या सोळा."

म्हणून अप्पा हल्ली चहा खिडकीपाशीच मागायचे. आणि तिला वाटत होतं, म्हातारपणी रुबाब वाढलाय.

"डॉक्टरकडे एकदा जायचं," ती म्हणाली. "यादी नाही. एकदाच. आपण दोघंच."

"शिबिरानंतर."

"म्हणजे येणार शिबिराला?"

"तसं कुठे म्हणालो? ते टिकलीचं स्टूल इकडे सरकव. त्यावर ती कापडाची चवड ठेव. आता तिकडे बघ."

"कुठे?"

"तिकडे. तंबूत."

ती तंबूत बघत बसली. आतून टिकली तिच्याकडे बघत होती. मागे स्टूल करकरलं, श्वास एकदा जोरात बाहेर पडला, आणि मग डोक्यावरून आवाज आला, "हं. कुठे गेली माझी पँट?"

तंबू मिटला नाही तो नाहीच. ताईंनीही हात टेकले. मास्तरच्या मते तो मुळात मिटणारच नव्हता, बनवणाऱ्यांनीच गडबड केली होती. शेवटी शोकेस हलवून तो तिरपा करून जिन्यानं उतरवला, आणि दुकान दोनच चौक लांब म्हणून तसाच डोक्यावर घेऊन ते निघाले. पुढे मास्तर, मागे ती. कमरेपर्यंत निळं कापड आणि खाली चार मोठे पाय, दोन छोटे. टिकली हात धरायला तयार नव्हती, म्हणून ती आत, दोघांच्या मधून, जाळीतून बाहेर बघत रस्ता सांगत होती. "खांब. पुन्हा खांब. एक काका हसतायत. आता दुसरे काका." अप्पा दहा पावलं मागून येत होते, आपला यांच्याशी काही संबंध नाही अशा चालीनं.

"पण बदलायचा कशाला?" कापडाखालून मास्तरनं विचारलं. "सराव केला की जमेल."

"मला वाकून आत शिरायला जमत नाही," ती म्हणाली. "कंबर धरते."

"तुझी? या वयात?"

"हो. माझी."

"मग रोज सकाळी माझ्याबरोबर व्यायाम कर."

"करीन."

मागून अप्पांना खोकला आला. तो पुढच्या चौकापर्यंत पुरला.

दुकानातल्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "या आठवड्यातला तिसरा," त्या म्हणाल्या. टिकलीला बाहेर काढलं, तंबूचे दोन काठ धरले, एक गुडघा लावला, आणि मास्तर काही बोलायच्या आत तंबूची थाळी झाली. मास्तरनं ते पुन्हा करून दाखवायची विनंती केली. बाईंनी ती ऐकली नाही.

"मला उभ्यानं आत जाता येईल असा हवा," ती म्हणाली.

"छत्रीचा. साडेसहा फूट उंची, भिंती सरळ. पण याला तीन मिनिटं लागतात. भांडण धरून दहा."

"चालेल. आणि झोपायला खाटा. कॅनव्हासच्या."

"किती उंचीच्या?"

तिनं अप्पांकडे पाहिलं नाही. "दाखवा सगळ्या," ती म्हणाली. "बसून बघू."

दुकानात बसून बघण्यात लाज कसली? सगळेच बसत होते. एक लठ्ठ गृहस्थ घडीच्या खुर्चीत पाचव्यांदा बसून उठत होते. अप्पा पहिल्या खाटेवर बसायच्या आधीच थांबले, गळ्यातला टेप काढला, जमिनीपासून काठापर्यंत धरला. पंधरा. पुढच्या खाटेला सोळा. तिसरीला टेप लावून त्यांनी आकडा कुणाला सांगितला नाही. बसले. इकडेतिकडे पाहिलं. उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले, या वेळी हात मागे बांधून. मग त्यांचा चेहरा उजळला आणि तो लपवायला ते तंबूकडे वळले.

ते ताठ मानेनं दारातून आत गेले. आत उभे राहिले, वर हात केला, छताला बोटं टेकली. शिवणीवरून अंगठा फिरवला.

"इंचाला सात टाके," ते आतून म्हणाले. "इथे नऊ हवेत. कोपऱ्यात तर दुहेरी शिलाईच नाही. वारा आला की पहिला हाच कोपरा जाणार."

"मग नको का हा?" मास्तरनं विचारलं.

"नको कसा? मी सुईदोरा घेऊन असेनच तिथे. तुम्हाला कुठे टाका घालता येतो?"

"पण घर कोण बघणार?" मास्तर म्हणाला.

"घराला काय धाड भरलीय?" अप्पा म्हणाले, आणि टेप गळ्यात टाकून दोन्ही कोपरे पुन्हा तपासायला गेले.

ती खाटेपाशी गेली. टेप लावायची गरज नव्हती, पण स्वभाव. हाताची वीत मोजली, दोनदा. अठरा इंच. मग तशाच चार सांगितल्या. एकट्या अप्पांचीच उंच दिसायला नको.

आता हे वाचून झालं की एक करा. तुमच्या घरात, किंवा फोनच्या दुसऱ्या टोकाला, असं कुणीतरी असेल जे हल्ली प्रत्येक बेताला 'तुम्ही जाऊन या' म्हणतं. त्यांच्याकडे आज जा. का येत नाही म्हणून विचारू नका, कारणं भरपूर मिळतील. चहा घ्या, इकडचं तिकडचं बोला, आणि तुम्हाला दारापर्यंत सोडायला ते खुर्चीतून उठतील तेव्हा कसे उठतात तेवढं बघा. बघताय हे मात्र त्यांना कळू देऊ नका.